मुलांची अभिप्राय वही परत टेबलावर ठेवा : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्याच्या सभेत आपण बालविभागाबद्दल तीन निर्णय घेतलेत. मुलं पुस्तकांबद्दल ज्या वहीत लिहायची ती काढून घ्यायची. तिच्या जागी छापील अर्ज द्यायचा. आणि कुमारवयातल्या मुलांच्या काही कादंबऱ्या कार्यालयातल्या कपाटात कुलपात ठेवायच्या. सूचनाफलकावर हे चार ओळींत लागलं, आणि कारण म्हणून ‘बालविभागातील शिस्त’ एवढंच लिहिलं होतं. मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद आहे. माझी दोन्ही मुलं याच बालविभागातल्या पुस्तकांवर वाढली. शनिवारी दुपारी तिथल्या देवघेवीच्या टेबलावर मी बिनपगारी बसते, आवडीने बसते. आपल्याला रीतसर पत्र दिलं होतं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता हे जाहीर लिहिते आहे. गावाचं आणि वाचनालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि मुलांच्या मताला किंमत न देणं ही काही एकट्या आपल्या वाचनालयाची गोष्ट नाही.

निर्णय झाला तेव्हा मंडळातल्या किती जणांनी ती वही उघडून पाहिली होती, हे मला माहीत नाही. म्हणून आधी वहीबद्दल सांगते. साधी फुलस्केप वही. कोणी घरी नेऊ नये म्हणून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली, आणि पेन्सिल दुसऱ्या सुतळीला. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने पुस्तकाचं नाव लिहायचं आणि खाली जे म्हणायचं ते म्हणायचं. सक्ती नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. एका कादंबरीखाली सातवीतल्या मुलाने लिहिलं होतं, ‘पहिली तीस पानं गाव किती सुंदर आहे तेच चाललंय. गोष्ट एकतिसाव्या पानावर सुरू होते. तिथून वाचा.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मी तिथून वाचली. बरोबर आहे.’ आणि त्याखाली आणखी कोणाचं, ‘मी सुरुवातीपासून वाचली. नदीचं पान सोडू नका.’ एका रहस्यकथेबद्दल सहावीतली मुलगी लिहिते, ‘लेखक सांगतो मुलगी हुशार आहे पण सगळी कोडी तिचा भाऊच सोडवतो.’ एकाने नुसतं एवढंच लिहिलंय, ‘कुत्रा मरतो. आधी माहीत असलेलं बरं.’

मी मराठीची पदवीधर आहे, समीक्षेची पुस्तकं अभ्यासाला होती. तरी सांगते, नदीचं पान सोडू नका म्हणणारा मुलगा आणि एकतिसाव्या पानावरून सुरू करा म्हणणारा मुलगा यांच्यात जे चाललं होतं, तीच समीक्षा. दोघं कदाचित एकमेकांना ओळखतही नसतील, वेगवेगळ्या शाळांतले असतील. एका पुस्तकावर त्यांचं दुमत झालं, आणि त्या दुमतामुळे ती कादंबरी त्यानंतर कपाटात फारशी टिकली नाही. सारखी कोणीतरी घेऊन जायचं. नदीचं पान खरंच चांगलं आहे का, हे प्रत्येकाला स्वतः बघायचं होतं. वाचनसंस्कृती वाढवण्यासाठी आपण व्याख्यानं ठेवतो, ग्रंथदिंडी काढतो, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी शाळांना बोलावतो. ते सगळं चालू राहू दे. पण मुलाला पुस्तकापर्यंत नेणारी सगळ्यांत भरवशाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या मुलाचं प्रामाणिक मत, आणि ते आपण काढून कपाटात ठेवलंत.

वही का गेली, हे फलकावर नसलं तरी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याच भागातल्या एका ज्येष्ठ लेखकांच्या किशोर कादंबरीबद्दल काही मुलांनी लिहिलं होतं की त्यातली मुलं खऱ्या मुलांसारखी बोलत नाहीत, आणि आजोबा बोलायला लागले की पुढची दोन पानं उलटली तरी चालतात. त्या लेखकांबद्दल मला आदर आहे. वाचनालयासाठी त्यांनी पदरमोड केली आहे, पुस्तकं दिली आहेत. त्यांना वाईट वाटलं असेल तर ते मी समजू शकते. पण वहीतली ती ओळ पुन्हा वाचून पाहावी, ही विनंती. त्यात त्यांच्यावर एक शब्दही नाही. पुस्तक पूर्ण वाचलेल्या मुलाने पुस्तकातल्या संवादांबद्दल म्हटलं आहे. मोठ्यांच्या कादंबरीबद्दल वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत याहून कडक लिहून येतं आणि ते आपण परीक्षण म्हणून वाचतो. ज्या मुलांसाठी कादंबरी लिहिली, त्यांना मात्र फक्त कौतुक करायची परवानगी? ‘नाही आवडलं’ म्हणायची सोय नसेल तर त्यांच्या ‘खूप आवडलं’ला काय अर्थ उरतो? लेखकालाही ती स्तुती खरी कशी वाटावी?

काही लिखाण चुकीचं होतं, हे मी नाकारत नाही. कोणीतरी वर्गातल्या मुलाचं नाव घालून चिडवलं होतं, एका पानावर घाणेरडा शब्द होता. ते आम्ही खोडलं. नंतर मुलांनीच बसून नियम केला की पुस्तकाबद्दल काहीही लिहा, माणसाबद्दल लिहायचं नाही. तो नियम वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे. शिस्त हवी होती, तर ती तिथे होती.

आता अर्जाबद्दल. ‘मला आवडलेले पुस्तक’ असं शीर्षक, आणि खाली रकाने : पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, मध्यवर्ती कल्पना, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध, पालकांची सही. न आवडलेल्या पुस्तकाला यात जागाच नाही. ज्या पुस्तकाचा बोध सांगता येत नाही, नुसती मजा आली, भीती वाटली, रात्रभर झोप लागली नाही, त्यालाही नाही. आणि पालकांची सही कशासाठी? आठवीतल्या मुलाने एखादी कादंबरी कंटाळवाणी म्हटली तर त्याला आईवडिलांची हरकत नाही, याची नोंद ठेवायला?

भरून आलेले अर्ज मी पाहिले आहेत. पाठराखणीचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला असतो. बोधाच्या रकान्यात ‘नेहमी खरे बोलावे’ आणि ‘मोठ्यांचा आदर करावा’ हे दोनच बोध आलटून पालटून येतात. वहीत कुत्र्यासाठी हळहळणारा मुलगा अर्जात लिहितो, ‘या पुस्तकातून प्राण्यांवर प्रेम करावे हा संदेश मिळतो.’ त्याला कोणी लबाडी शिकवलेली नाही. मोठ्यांना काय हवंय ते मुलांना चटकन कळतं, आणि शाळेत दिवसभर ती तेच देत असतात. वाचनालय ही गावातली एक तरी जागा अशी असावी जिथे त्यांना तसं द्यावं लागू नये.

तिसरा निर्णय मला सगळ्यांत जास्त टोचला आहे. तेरा ते सोळा या वयाच्या मुलांची आपल्याकडे आधीच आबाळ आहे. बालविभागातल्या परीकथा त्यांना नको असतात, आणि मोठ्यांच्या विभागात जायचं तर वेगळी वर्गणी आणि अनामत. मराठीत या वयासाठी लिहिलेल्या कादंबऱ्या मुळात कमी, आपल्याकडे आलेल्या त्याहून कमी. अनुवादित धरून एक फळी कशीबशी भरायची. त्यातल्याच काही काढून आपण कुलपात टाकल्यात. एका कादंबरीतल्या मुलीला सहलीत पाळी येते, म्हणून. दुसऱ्या एकीत दहावीतल्या मुलाला वर्गातली मुलगी आवडते आणि घरी वडिलांची दारू चालू असते, म्हणून. एका पालकांनी तक्रार केली, तीही पुस्तक वाचून नव्हे. वहीत एका मुलीने त्याबद्दल लिहिलेलं पाहून.

त्या मुलीने काय लिहिलं होतं, तेही मंडळाने वाचावं. ‘ही गोष्ट मला पाचवीत मिळायला हवी होती. तेव्हा मला वाटलं होतं मला काहीतरी आजार झालाय.’ एवढंच. त्यापुढे दोघींनी ‘मला पण’ म्हणून लिहिलंय, अक्षर बारीक, नाव नाही. घरी आणि वर्गात जे विचारता येत नाही ते एका कादंबरीच्या निमित्ताने त्या तिघींना एका पानावर बोलता आलं. यात बालविभागाची शिस्त कुठे बिघडली, हे मला मंडळाकडून ऐकायचं आहे. आता ते पुस्तक हवं असेल तर पालकांची चिठ्ठी आणून कार्यालयात कारकुनाकडे मागायचं, असा नियम आहे. नववीतली कुठली मुलगी तिथे, चार पुरुष बसलेल्या खोलीत, ते पुस्तक नाव घेऊन मागेल?

एखाद्या पालकांना आपल्या मुलीने एखादं पुस्तक वाचू नये असं वाटत असेल, तर तो त्यांच्या घरचा निर्णय आहे. त्यांनी मुलीशी बोलावं. त्यांच्या निर्णयाने बाकी सगळ्या मुलींचं पुस्तक बंद व्हावं, हे मला पटत नाही.

मुलांना काय कळतं, असं एका सदस्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं. त्यांचा रोष नव्हता, खरोखरच विचारलं. उत्तर म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. 1936 साली लंडनमधले प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे एका प्राध्यापकाच्या कादंबरीचं हस्तलिखित आलं. मुलांच्या पुस्तकाबद्दल मुलांचंच मत घ्यावं, असं अन्विन मानायचे. त्यांनी ते हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. अभिप्राय लिहिण्याचं मानधन एक शिलिंग. रेनरने छोटासा अभिप्राय लिहिला, त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही होत्या. पुस्तक चांगलं आहे आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्या वर्षी ते छापलं गेलं. ते टॉल्किनचं ‘द हॉबिट’. आज आपल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या दप्तरातही ते सापडतं.

ही एखाद्या प्रकाशकाची लहर म्हणून सोडून द्यायची, तर जर्मनीकडे बघा. तिथे 1956 पासून बालकुमार साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, आणि 2003 पासून त्यात मुलांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. देशातल्या सहा वाचक गटांतली मुलं नवी पुस्तकं वाचतात, भांडतात आणि आपला पुरस्कार स्वतः ठरवतात. फ्रान्समध्ये 1988 पासून एका पुरस्काराचा निकाल सर्वस्वी मुलांच्या मतदानावर लागतो. बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंतची मुलं निवडलेली पुस्तकं वर्षभर वाचतात आणि मग मत देतात. आपल्याकडे राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाच्या कादंबरीसाठी साने गुरुजींच्या नावाचा पुरस्कार आहे. त्या निवडीत मुलांचा आवाज असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ते पत्र वेगळ्या पत्त्यावर जाईल.

आणि हक्काचंच बोलायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेवर भारताने 1992 साली मान्यतेची मोहोर उठवली आहे. तिचं बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टींत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि वयाच्या मानाने त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. तेरावं कलम माहिती मिळवण्याचं आणि व्यक्त होण्याचं स्वातंत्र्य देतं, लिहून, छापून, चित्रातून, मुलाला आवडेल त्या मार्गाने. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकापेक्षा मुलांशी जास्त संबंधित अशी कोणती गोष्ट असते? दर 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनी आपण ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांनी 1931 मध्ये लिहून ठेवलं आहे. त्यांनी वाचकाच्या वयाची अट घातलेली नाही.

वहीचा आणखी एक उपयोग होता, तो खरेदीचा. एका साहसी मालिकेचा भाग दोन आपल्याकडे नाही. एक आहे, तीन आहे, चार आहे. वहीत वेगवेगळ्या अक्षरांत एकच प्रश्न कितीदा आला आहे, ‘भाग दोन कुठे आहे?’ एकाने वैतागून दुसऱ्या भागात काय झालं असेल याचा अंदाजच दोन पानं भरून लिहिला आहे, आणि तो फार सुंदर आहे. पण अनुदानाचा हप्ता आला की मार्चअखेरीला घाईघाईने यादी होते. बालविभागाच्या वाट्याला विक्रेता देईल ती पुस्तकं येतात. त्याच त्या थोर पुरुषांची चरित्रं, बोधकथांचे संच. भाग दोन अजून आलेला नाही. वाचणाऱ्याला काय हवंय ते वाचणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलेलं असताना खरेदी समितीने ते पाहू नये, याला काय म्हणावं?

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा मोठी आहे. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ मासिक काढलं, वा. गो. आपट्यांनी 1906 मध्ये ‘आनंद’, बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून चालू आहे. मोठ्यांनी मुलांसाठी काय लिहिलं याच्या सूची आहेत, इतिहास आहेत. मुलांनी ते वाचून काय म्हटलं, याचे कागद कोणी जपून ठेवले? आपल्या वाचनालयात ते आपोआप तयार होत होते. शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक आला तर वार्षिक अहवालाआधी तो ती वही मागेल, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा. वही जशी होती तशी, एकही पान न फाडता, परत बालविभागाच्या टेबलावर ठेवावी. ती सध्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहे, हे मला माहीत आहे. अर्ज ठेवायचा तर ऐच्छिक ठेवावा. त्यातला बोधाचा आणि पालकांच्या सहीचा रकाना काढावा, ‘मला आवडलेले’ हे शब्द काढून नुसतं ‘मी वाचलेले पुस्तक’ करावं.

कुलपातल्या कादंबऱ्या बाहेर आणून तेरा ते सोळा वयोगटासाठी वेगळी फळी करावी, आणि बालसभासदाच्या कार्डावरच त्या मिळाव्यात. यापुढे कुठल्याही पुस्तकावर तक्रार आली तर मंडळातल्या निदान दोघांनी ते पुस्तक पूर्ण वाचावं, त्याबद्दल मुलांनी लिहिलेलं वाचावं आणि मगच निर्णय घ्यावा. निर्णयाचं कारण फलकावर लिहावं. तोपर्यंत पुस्तक फळीवरच राहावं.

बालविभागाच्या खरेदीतला निदान एक चतुर्थांश भाग मुलांच्या मागणीवरून व्हावा. यादी करायला दोन बालसभासद आणि दोन कुमारसभासद बसावेत. त्यांना मताधिकार देणं वाचनालयाच्या घटनेत बसत नसेल तर निमंत्रित म्हणून बोलवावं. यंदाच्या यादीत पहिलं नाव त्या भाग दोनचं असावं.

आणि ज्या ज्येष्ठ लेखकांचं मन दुखावलं, त्यांना मी या पत्रातून हात जोडून विनंती करते, की एका शनिवारी दुपारी बालविभागात यावं. मुलं तुम्हाला घाबरणार नाहीत आणि उलट बोलणारही नाहीत. तुमची कादंबरी पूर्ण वाचलेली सहा-सात मुलं तरी मी समोर बसवते. पूर्ण वाचून त्यावर बोलायला आलेले एवढे वाचक एका ठिकाणी कुठल्या लेखकाला सहज मिळतात? संवाद कुठे अडखळतात ते त्यांना विचारा. तुम्ही तसं का लिहिलंत ते त्यांना सांगा. पुढची कादंबरी छापायला देण्याआधी त्यांना वाचायला द्या.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या विषयांत घ्यावा, असा लेखी अर्ज मी सोमवारी देणार आहे. या पत्राची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवते आहे, कारण आपण अनुदानित वाचनालय आहोत आणि बालवाचक हेही या वाचनालयाचे सभासद आहेत. सभेआधी मंडळाने भेटायला बोलावलं तर मी येईन. मुलांनाही आणेन. त्यांना स्वतःला काय म्हणायचं आहे ते आपण त्यांच्याच तोंडून ऐकावं.

कळावे.

आपली नम्र,
एक आजीव सभासद आणि बालविभागातली शनिवारची स्वयंसेविका